मऊ बोल्ट

आज द्राक्षाचं काही नाही, पोराच्या रिमोटच्या गाडीचं लिहितोय. पण वाचा, ट्रॅक्टरवाल्यांच्या कामाचं आहे.

पोरगा नाशिकला डिप्लोमा करतो. त्याच्याकडे रिमोटची जीप आहे, खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, चारही चाकं ओढणारी. दिवाळीच्या सुट्टीत इथं निफाडच्या काळ्या रानात चालवताना चाक ढेकळात अडकलं आणि पुढच्या ॲक्सलला चाक जिथं वळतं तो प्लास्टिकचा तुकडा मोडला. त्यानं त्या जागी पितळी तुकडे आणि पोलादी शाफ्ट मागवले.

रात्री ओसरीवर बसलो. सगळं परातीत खोललं, कारण चाकामागचा षटकोनी हब निघाला की त्यातली बारीक पिन कुठं उडेल सांगता येत नाही. बेअरिंग पुसून ग्रीस दिलं. धातूत बसणारा स्क्रू थरथरीनं ढिला होतो, म्हणून त्याला निळं थ्रेडलॉक. प्लास्टिकला ते लावायचं नाही, तडा जातो.

"पितळ कशाला रे?"

"नाना, वजन खाली राहिलं की गाडी उलटत नाही, पकड येते."

म्हटलं, आम्ही ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतो ते तरी कशासाठी!

शेवटचा स्क्रू आवळून तो म्हणाला, "आता काहीच मोडत नाही."

मी गप्प झालो. रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टला शेअर बोल्ट असतो, मुद्दाम मऊ. पाती अडकली की तो तुटतो आणि गिअर वाचतो. दोन वर्षांपूर्वी माझा तो सारखा तुटायचा. वैतागून मी तिथं कडक एचटी बोल्ट ठोकला. पुढं जुनी बाग काढलेल्या रानात मातीत राहिलेला लोखंडी अँगल पात्यात आला. बोल्ट तुटला नाही, गिअरबॉक्सचे दात गेले.

घरी सांगितलं, ड्रायव्हरनं रोटर जोरात घातला. त्याला चार लोकांत बोललो. तो काम सोडून गेला. बोल्ट मी बदलला होता, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रात्री पोराला सांगितलं.

तो काही बोलला नाही. जीपच्या मोटरपाशी स्लिपर क्लच असतो, जास्त जोर आला की घसरणारा. त्याचा नट त्यानं थोडा सैल केला. म्हणाला, "ॲक्सल नाही मोडला तर जोर मागं गिअरवर येणार. कुठंतरी सुटायला जागा पाहिजे."

मंडळी, शेअर बोल्ट तुटला तर कंपनीनं सांगितलाय तसलाच टाका. दोन-चार जादा पेटीत ठेवा. सारखा तुटत असेल तर रानात काय अडकतंय ते आधी बघा.

उद्या सकाळी पाणी धरून झालं की ड्रायव्हरच्या घरी जाणार आहे. चार लोकांत बोललो होतो, म्हणून इथंही चार लोकांत लिहिलं.