लाईट गेल्यावरचा खेळ

फ्रीसिव्ह या संगणकावरच्या खेळात नकाशावरचे गवताळ जमिनीचे एक घर दर फेरीला दोन धान्य देते. तिथे पाट काढला की तीन मिळायला हवे. पण राज्यात एकाधिकारशाही असेल, आणि खेळाच्या सुरुवातीला ती सगळ्यांकडेच असते, तर ज्या घरातून दोनपेक्षा जास्त उत्पन्न निघते त्यातले एक कापले जाते. तीनातून एक गेले, उरले दोन. वसाहतकाऱ्यांची टोळी कित्येक फेऱ्या त्या घरात राबते आणि धान्याचा एक दाणाही वाढत नाही. मैदानी जमिनीत मात्र एकाचे दोन होतात, वाळवंटात शून्याचे एक होते आणि ते कापलेही जात नाही. म्हणजे सुरुवातीच्या काळात पाणी हिरव्या जमिनीला न देता कोरड्या जमिनीला द्यायचे.

हे दोन्ही नियम सोपे आहेत. पण पाट जमिनीच्या प्रकरणात येतो आणि कपात राज्यपद्धतीच्या. वाचणारा अडकतो तो या दोन प्रकरणांच्या मधे. तो दोन्ही पाने वाचतो, दोन्ही त्याला समजतात, आणि तरी पडद्यावर जे घडते त्याचा उलगडा होत नाही. खेळाची पुस्तिका लिहिणाऱ्याचे खरे काम या मधल्या जागेत आहे असे मला ठामपणे वाटते. नियम नोंदवणे हा त्यातला सोपा भाग. कोणता नियम कोणत्या नियमाला कुठे जाऊन भिडतो हे आधी ओळखून, वाचणारा जिथे ठेचकाळेल नेमके तिथे ते लिहून ठेवणे, हे कौशल्य.

पोटापाण्यासाठी मी पाण्याच्या मोटारी, स्टार्टर, ठिबकचे संच यांच्या मराठी माहितीपुस्तिका लिहितो. दहिवडीत बसून हे काम होते. त्याच्या जोडीने माण तालुक्यातल्या हायस्कूलच्या मुलांसाठी संगणकावरच्या डावपेचांच्या खेळांच्या छापील पुस्तिका मराठीत करतो. त्यातली सर्वांत मोठी फ्रीसिव्हची. डेन्मार्कमधल्या ऑरहस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी 1995-96 च्या सुमारास हा खेळ सुरू केला, सिड मायर यांच्या 1991 च्या ‘सिव्हिलायझेशन’वरून. तो फुकट मिळतो, जुन्या संगणकावर चालतो आणि फेरीफेरीने खेळायचा असल्याने विचाराला वेळ देतो. शाळेच्या लॅबला याहून सोयीचा खेळ मला माहीत नाही.

मूळ ‘सिव्हिलायझेशन’ची पुस्तिका मी खेळाच्या कितीतरी आधी वाचली. सांगलीला इंजिनिअरिंगला असलेल्या आत्तेभावाकडे तिची झेरॉक्स होती, स्पायरल बाइंडिंग केलेली. तो सुट्टीत गावी आला की ती माझ्याकडे यायची. झेरॉक्स काढण्यामागे कारण होते. खेळ मधेच थांबून एखाद्या शोधाचे चित्र दाखवी आणि विचारी, याच्या आधी कोणते दोन शोध लागतात? उत्तर पुस्तिकेत होते. नकली डिस्क घेणाऱ्याला अडवायची ती युक्ती होती. आमच्याकडे तिचा परिणाम उलटा झाला. उत्तरे पाठ करता करता आम्ही शोधांची साखळीच पाठ केली: वर्णमालेशिवाय लेखन नाही, कांस्याशिवाय चलन नाही. आमच्या गावात तेव्हा कोणाच्या घरी संगणक नव्हता, आणि असता तरी दिवसातले दहा-बारा तास भारनियमन होते. मी तो खेळ कंदिलाच्या उजेडात, चौकटीच्या वहीवर खेळलो. नदी काढायची, डोंगर काढायचा, शहर कुठे वसवायचे ते ठरवायचे. शहराभोवतीची 20 घरे आणि मधले एक, अशी 21 घरे त्याला पोसतात. दर माणूस एक घर कसतो आणि दोन धान्य खातो. एवढ्या माहितीवर संध्याकाळ सरायची.

ती पुस्तिका ब्रूस शेली यांनी लिहिली होती. खेळ घडवण्यातही ते सिड मायर यांच्यासोबत होते. त्याआधी ते ॲव्हलॉन हिल या कंपनीत पटावरचे खेळ करत, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पटाच्या खेळात हिशेब करायला यंत्र नसते. नियम संदिग्ध राहिला तर दोन खेळाडू भांडतात आणि खेळ तिथेच संपतो. त्यामुळे पटाच्या नियमांना क्रमांक असतात, अपवाद नियमाला लागूनच असतो, आणि एखादी चाल आकड्यांसकट करून दाखवलेली असते. युरोपात ही शिस्त निदान 1824 पर्यंत मागे जाते. त्या वर्षी प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने युद्धाच्या सरावखेळाचे नियम पुस्तकरूपाने छापले. शेली यांनी ही सगळी शिस्त संगणकाच्या खेळात आणली. पुढे 1997 च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या घडणीतही ते होते. आपल्याकडच्या एका पिढीने तो खेळ सायबर कॅफेत खेळला, पण त्याची पुस्तिका फार थोड्यांच्या हाती पडली.

आपल्याकडे खेळ लिहून ठेवण्याची रीत नव्हती असे नाही. बुद्धिबळावरच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप मुंबईत 1814 सालीच छापले गेले. सांगलीत 1941 साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि तिथून केवढे खेळाडू घडले! पण बुद्धिबळात मोहऱ्यांचे प्रकार सहा. आजोबा नातवाला एका दुपारी चाली सांगू शकतात, पुढचे शिक्षण पटावर होते. फ्रीसिव्हसारख्या खेळात जमिनीचे प्रकार, राज्यपद्धती, इमारती, सैन्याच्या तुकड्या आणि शोध मिळून नियमांची संख्या शेकड्यांत जाते, आणि घरात ते जाणणारे वडीलधारे कोणी नसते. ती जागा छापील पुस्तिकेला भरून काढावी लागते. म्हणून तिने वडीलधाऱ्यासारखे बोलावे: काय करायचे ते सांगावे, का करायचे तेही सांगावे, आणि मग गप्प बसून खेळू द्यावे.

यातला ‘का’ हल्लीच्या खेळांतून निघून गेला आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने 2010 मध्ये कागद वाचवण्यासाठी छापील पुस्तिका बंद करत असल्याचे जाहीर केले, इतरही त्या वाटेने गेले. आता खेळ सुरू केला की पडद्यावर बाण येतो, इथे दाबा, आता इथे दाबा. पहिल्या दहा मिनिटांसाठी हे चांगलेच आहे. एखाद्या तुकडीची ताकद किती हे चटकन पाहायचे तर पडद्यावरची मदत कागदापेक्षा सरस आहे, हेही मी मान्य करतो. पण बाणाच्या मागे जाणारे मूल बाण संपला की थांबते. त्याला बटणे कळलेली असतात, आपण राज्य का चालवतो आहोत ते कळलेले नसते. कारणांची साखळी सलग गद्यात सांगावी लागते, आणि सलग गद्य खेळ समोर चालू असताना वाचले जात नाही. ते खेळापासून लांब, एसटीत, रानात, लाईट गेल्यावर वाचले जाते. दोन डावांच्या मधल्या या वेळातच खेळाडू तयार होतो.

म्हणून माझ्या पुस्तिकेची परीक्षा संगणकाविना होते. मुलांना पुस्तिका देतो, चौकटीची वही देतो, एक नकाशा देतो आणि म्हणतो, पहिली तीन शहरे कुठे वसवाल ते काढा आणि शेजारी कारण लिहा. ज्या प्रकरणाच्या आधारावर कारण लिहिता येत नाही ते प्रकरण पुन्हा लिहायचे. लॅबमध्ये एका संगणकाभोवती चार-पाच डोकी असतात, तास संपतो, इन्व्हर्टर संपतो. वहीवरची चर्चा मात्र वर्गाबाहेरच्या लिंबाखाली चालूच राहते.

या चर्चांमध्ये माझी पुस्तिका सर्वांत जास्त बदलली ती पाटाच्या प्रकरणात. मूळ नियम असा: ज्या घराच्या शेजारी नदी, समुद्र किंवा आधीच भिजणारे घर असेल तिथेच पाट काढता येतो. एका घरातून दुसऱ्या घरात, असे करत पाणी कितीही लांब नेता येते. पाऊस भरपूर असलेल्या मुलखातला मुलगा हे वाचून पुढे जाईल. माणचा मुलगा थांबतो. माण नदी याच तालुक्यात, कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, आणि वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. नववीतल्या एका मुलीने विचारले, उन्हाळ्यात हा पाट आटतो का? नाही आटत. मग शेवटच्या घरापर्यंत तेवढेच पाणी कसे पोचते? पोचते. वरच्या राज्याने पाणी अडवले तर? खालच्याला काही फरक पडत नाही. म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावाचा साठा बराचसा माणच्या जमिनीवर पसरतो आणि कालव्याचे पाणी खाली आटपाडी-सांगोल्याकडे जाते, हे रोज पाहणाऱ्या मुलांना हे उत्तर कसे पटावे?

आणि ही मुले डावपेचांच्या खेळात नवखी नव्हती. 2018 च्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत त्यांनी आईवडिलांबरोबर श्रमदान केले होते. 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस, ठरलेले गुण, ठरलेले नियम, आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे. डोंगरावर आधी समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, मग ओढा. क्रम चुकला तर वरून आलेला गाळ खालचे काम बुजवतो. त्या वर्षी राज्यात पहिला क्रमांक आला तो याच तालुक्यातल्या टाकेवाडीचा, आणि भांडवलीला दुसरा क्रमांक विभागून मिळाला. ए-फ्रेमने समान उंचीची रेघ आखणारी मुले कोणत्याही पुस्तिका-लेखकाने दबकून राहावे अशी वाचक आहेत. कारण दिल्याशिवाय ती नियम मान्य करत नाहीत, आणि मला असेच वाचक हवे आहेत.

तेव्हापासून माझ्या पुस्तिकेत दर प्रकरणाच्या शेवटी एक चौकट असते: ‘हे या खेळात नाही’. पाटाच्या प्रकरणातल्या चौकटीत लिहिले आहे की या खेळात भूजल नाही, बाष्पीभवन नाही, दुष्काळी वर्ष असे वेगळे मोजलेले नाही. एकदा भिजलेले घर पाणी आटून पुन्हा कोरडे पडत नाही. खेळ करणाऱ्यांना हजारो वर्षांचा इतिहास एका पटावर बसवायचा होता, म्हणून त्यांनी पाणी सोपे ठेवले, हेही लिहिले आहे. माझ्या एका स्नेह्याला ही चौकट खेळाची उणीदुणी काढणारी वाटते. मला ती पुस्तिकेची सर्वांत प्रामाणिक जागा वाटते. प्रत्येक खेळ म्हणजे जगाविषयी केलेले एक विधान आहे. त्यात काय धरले आणि काय सोडले हे खेळणाऱ्याला कळले, तर तो जास्त चांगला खेळतो. ती मुलगी आता पाट वाळवंटातून नेते, गवताळ जमिनीला हात लावत नाही, राज्यपद्धती बदलली की मगच तिकडे वळते. तिने दोन्ही नियम जोडले, आणि खेळातले पाणी गावातल्या पाण्यापेक्षा वेगळे कसे आहे तेही मनात वेगळे ठेवले.

छपाईच्या बाजूने सांगायचे तर पुस्तिका एका रंगात निघते. हिरवे कुरण, पिवळे वाळवंट दाखवता येत नाही, म्हणून जमिनीचे प्रकार रेघांनी दाखवतो: कुरणाला उभ्या तुटक रेघा, वाळवंटाला ठिपके, डोंगराला त्रिकोण. मुले वहीत नकाशा काढताना हीच खूण वापरतात, त्यामुळे रंग नाही याची मला खंत उरलेली नाही. जमिनीच्या उत्पन्नाचा तक्ता मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला असतो, पुस्तिका मागून उघडून तो पटकन पाहता येतो. एकाधिकारशाहीची कपात त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात आहे, राज्यपद्धतीच्या प्रकरणात ती पुन्हा येत असली तरी. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहू नये असे मोटारीच्या पुस्तिका लिहिताना मला शिकवले गेले होते. खेळाच्या पुस्तिकेत मी ते पाळत नाही.

मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत वाढतात. पुढच्या आवृत्तीला मला चार पाने मिळाली आहेत. दोन पाने सूचीला, कारण डाव ऐन रंगात आल्यावर ‘तटबंदी’ कुठल्या पानावर हे शोधायला कोणालाही वेळ नसतो. एक पान पहिल्या वीस फेऱ्यांच्या नमुना डावाला, प्रत्येक फेरीच्या आकड्यांसकट. उरलेल्या पानावर मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत छापणार आहे, उत्तरांसाठी खाली रेघा सोडून. पहिला प्रश्न ठरला आहे: वरच्याने पाणी अडवले तर खालच्याने काय करायचे, आणि तसा नियम या खेळात घालायचा झाला तर तो कसा लिहाल?