न जिंकलेली घोडी

यश आणि कीर्ती हे शब्द आम्ही वर्गात जोडीनेच उच्चारत आलो. त्यांच्यातली फट घोड्यांनी दाखवली. (रेसकोर्सवर आम्ही कधी पाऊल ठेवलेले नाही, हे सारे पुस्तकी ज्ञान.)

अमेरिकेतील सेक्रेटेरिएटचे यश निर्विवाद. ९ जून १९७३ रोजी बेलमाँटची दीड मैलांची शर्यत त्याने २ मिनिटे २४ सेकंदांत, ३१ लेंग्थनी जिंकली. त्याच्यावर लावलेली ५,६१७ विजयी तिकिटे लोकांनी वटवलीच नाहीत. आठवण म्हणून जपली. पण त्याच साली केंटकी डर्बीत त्याच्यामागे दुसरा आलेला शॅम इतका वेगवान होता, की बहुतेक वर्षी त्या वेळात डर्बी जिंकता आली असती. त्याचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? चुकीच्या वर्षी जन्मणे हाही एक दोषच म्हणायचा.

आणि हारु उरारा! जपानमधील कोचीची ही घोडी १९९८ ते २००४ या काळात ११३ शर्यती धावली. एकही जिंकली नाही. मैदान तोट्यात होते. २००३मध्ये वृत्तपत्रांनी तिची कथा सांगितली आणि ती देशभर लाडकी झाली. २२ मार्च २००४ रोजी युताका ताके हा अव्वल जॉकी तिच्यावर स्वार झाला. सुमारे तेरा हजारांची गर्दी लोटली. अकरा घोड्यांत ती दहावी आली. तिची तिकिटे लोक अपघात टाळणारा ताईत म्हणून बाळगत. जपानी भाषेत तिकीट ‘लागणे’ आणि गाडीची धडक बसणे यांना एकच क्रियापद चालते. न लागणारे तिकीट म्हणजे न बसणारी धडक. मराठीतही लॉटरी लागते आणि ठेचही लागतेच की! हरलेले तिकीट जपावेसे वाटायला लावणे, हे सेक्रेटेरिएटलाही जमले नसते.

सप्टेंबर २०२५मध्ये ती गेली. त्याच सुमारास नेट परीक्षेत पाचव्यांदा अपयश आलेली आमची एक विद्यार्थिनी भेटायला आली होती. आम्ही मोठ्या उत्साहाने तिला ही कथा ऐकवली. ती शांतपणे म्हणाली, “सर, त्या घोडीला निकाल वाचता येत नव्हता.”

आम्ही चहा मागवला. तिने सहाव्यांदा अर्ज भरला आहे. तिची भाषाविज्ञानाची टिपणे सध्या आमच्या टेबलावर आहेत. रोज दहा पाने तपासून होतात.