पिस्तुलासाठी स्टेनलेस

3 ऑगस्ट, ह्यूस्टन

1911 पिस्तुलाची जुळणी आता शेवटाकडे आली आहे. फ्रेम आणि स्लाइड स्टेनलेसची आहे. स्लाइड स्टॉप, थंब सेफ्टी, मॅगझिन कॅच आणि पिना मात्र साध्या पोलादाच्या, ब्ल्यूइंग केलेल्या. इथल्या ऑगस्टात रेंजवर उभे राहिले की घाम मनगटावरून थेट पिस्तुलावर उतरतो. त्यातल्या मिठापुढे ब्ल्यूइंगचा पातळ थर टिकत नाही. सेफ्टीवर अंगठा टेकतो तिथे तांबूस ठिपके दिसू लागले आहेत. हे भाग स्टेनलेसमध्ये बदलायचे ठरवले.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात अनुक्रमांक असलेली फ्रेम हीच बंदूक मानली जाते. ती परवानाधारक दुकानातून, रीतसर तपासणी होऊन घेतलेली आहे. हे किरकोळ सुटे भाग इथे खुले मिळतात. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याखाली सुटे भागही शस्त्रातच मोडतात. विनापरवाना असे काम तिथे गुन्हा आहे.

6 ऑगस्ट

जॉन ब्राउनिंगचे हे पिस्तूल अमेरिकी सैन्याने 29 मार्च 1911 रोजी स्वीकारले. आज कितीतरी कारखाने ते बनवतात, त्यामुळे सुट्या भागांना तोटा नाही. पण एकाचा भाग दुसऱ्याच्या फ्रेममध्ये जसाच्या तसा बसेलच असे नाही. चांगले कारखाने सेफ्टीसारखे भाग मुद्दाम थोडे जाड ठेवतात, म्हणजे कानशीने उतरवून बसवता येतात.

भाग कसा घडला आहे, हेही विचारून घ्यावे. काही साच्यात ओतलेले असतात, काही धातूची भुकटी साच्यात दाबून भट्टीत घट्ट केलेले, तर काही अखंड सळईतून कातलेले. स्लाइड स्टॉपला प्रत्येक बाराला धक्का सोसावा लागतो. तो मी सळईतून कातलेलाच मागवला. महाग पडला, पण पैसे खर्चावेत ते अशाच जागी.

9 ऑगस्ट

नुसते ‘स्टेनलेस’ लिहिलेला भाग घेऊ नये, ग्रेड विचारावी. भांड्यांचे 304 गंजाला उत्तम तोंड देते, पण तापवून-विझवून कडक होत नाही. ग्रिपच्या स्क्रूंना ते चालते, झिजणाऱ्या भागांना नाही. 416 मध्ये गंधक मुद्दाम घातलेले असते, म्हणून ते लेथवर सुरेख कापले जाते. 17-4 मध्ये सुमारे 17 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के निकेल असते, शिवाय तांबे. 482 अंश सेल्सियसला तासभर ठेवले की ते चांगले कडक होते.

13 ऑगस्ट

शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये याच तारखेला आपले गंज न धरणारे पोलाद ओतले, असे सांगतात. त्यात क्रोमियम 12.8 टक्के होते. तो शोधत होता बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत असे पोलाद. सुऱ्या-काटे त्यानंतर आले. मात्र पूर्ण स्टेनलेसचे रिव्हॉल्व्हर बाजारात यायला 1965 उजाडले. ते स्मिथ अँड वेसनचे मॉडेल 60.

17 ऑगस्ट

इतका उशीर का, याचे एक उत्तर घर्षणात आहे. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो. सारख्याच कडकपणाचे दोन स्टेनलेस पृष्ठभाग दाबाखाली घासले की तो थर खरवडला जातो, उघडा धातू उघड्या धातूला धरतो आणि पृष्ठभाग ओरबाडले जातात. सुरुवातीच्या स्टेनलेस पिस्तुलांची हीच तक्रार होती. उपाय माहीत आहेत: एकमेकांवर घासणाऱ्या भागांच्या ग्रेड आणि कडकपणा वेगळे ठेवावेत, आणि रुळांवर पातळ तेलाऐवजी ग्रीस लावावे.

22 ऑगस्ट

मेनस्प्रिंग हाउसिंगची पिन घरीच केली. जाडी सुमारे 4 मिलिमीटर, 17-4 ची सळई. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसलेला हात इथे उपयोगी पडतो. आधी कातले, मग उष्णता दिली. या उष्णतेत माप किंचित आकसते, तेवढे आधीच धरले होते. शेवटी सायट्रिक अॅसिडच्या द्रावणात बुडवली, म्हणजे हत्याराचे लोखंडी कण पृष्ठभागावर उरत नाहीत. ते उरले तर स्टेनलेसवरही गंज दिसतो.

27 ऑगस्ट

हॅमर आणि सिअर बदलले नाहीत. त्यांच्या कडा झिजल्या तर पिस्तूल आपोआप सुटू शकते, म्हणून तिथे टूल स्टील ठेवले आणि त्यांना रोज तेलाचा हात लावायचे ठरवले. नवी थंब सेफ्टी परवानाधारक गनस्मिथकडून बसवून आणि तपासून घेतली. सेफ्टी आणि सिअर यांची गाठ पडते तिथे हौशी कानस चालवू नये.

चमक सारखी असली तरी प्रत्येक भागाचे काम वेगळे असते. पिन आणि स्क्रू हौसेने करा. बार रोखणारा भाग जाणकाराच्या हातूनच बसवून घ्या, मग तो कोणत्याही पोलादाचा असो.