पाण्याला भिणारी आई

आमच्या हिंगोलीहून समुद्र बघायचा तर रात्रभराचा प्रवास. मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण. तिथं सहलीला गेलं की माझं एकच पालुपद, "काठाशी जाऊ नकोस गं!"

परवा लेकीने मोबाइलवर कॅटामरानची शर्यत दाखवली. दोन निमुळत्या होड्या शेजारी जोडून केलेली ही शिडाची नाव. ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून तिच्यावर एक स्त्री नि एक पुरुष अशीच जोडी असते. लेक म्हणाली, "आई, मला हे शिकायचंय." माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्याकडच्या मुलींचं ते काम नव्हे."

"मग तारिणी?" तिनं विचारलं.

मी गप्पच झाले. गोव्यात बांधलेल्या त्या शिडाच्या नावेतून वर्तिका जोशी आणि नौदलातल्या तिच्या पाच मैत्रिणी १० सप्टेंबर २०१७ ला निघाल्या, आणि जगाला वळसा घालून २१ मे २०१८ ला परतल्या. पण त्याआधी त्यांनी 'म्हादेई' नावेवर कसून सराव केला होता. शिकवायला होते दिलीप दोंदे, २००९-१० मध्ये शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय.

म्हणजे धाडससुद्धा शिकावंच लागतं. पोळ्या नाही का आपण हात भाजत शिकलो?

खरं सांगू मैत्रिणींनो? मी नाही म्हटलं ते तिच्या काळजीपोटी कमी, मला पोहता येत नाही म्हणून जास्त. आता सुट्टी लागली की आम्ही दोघी पोहायला शिकणार आहोत. पाण्यात आधी मी उतरणार!