बोरिवली ते मुलुंड : चीजच्या वाटेवर

बोरिवलीला मुलीच्या घरी न्याहारीत मेथीचा खाखरा समोर आला. त्यावर किसलेले चीज आणि मिरपूड होती. माझ्या आईने ही बशी बाजूला सारली असती. चाळीसएक वर्षांपूर्वी कोणीतरी तिला सांगितले की चीज करताना वासराच्या जठरातला अंश वापरतात. त्या दिवसापासून आमच्या घरात चीज आले नाही, आणि आईच्या पश्चातही मुलुंडच्या घरी मी ते कधी आणले नाही.

आईला मिळालेली माहिती खोटी नव्हती. पनीर करताना तापवलेल्या दुधात लिंबू पिळले की काम झाले. चीजसाठी मात्र दूध गोठवायला रेनेट लागते. युरोपातील परंपरेत ते दूधपित्या वासराच्या चौथ्या जठराच्या अस्तरातून काढतात, आणि त्यासाठी वासराचा जीव जातो. दहा लिटर दुधाचे साधारण एक किलो चीज होते. त्यात रेनेटचे प्रमाण नगण्य असते. परंतु आपल्या विचारात हिंसेचे माप किलोत होत नाही.

खाखरा हातात घेण्याआधी मी डबा मागवला. कर्जाच्या कागदांतली बारीक अक्षरे वाचण्यात उभी नोकरी गेली. ती सवय निवृत्तीनंतर सुटलेली नाही. अमूलच्या त्या डब्यावर हिरवा ठिपका होता आणि मायक्रोबियल रेनेट वापरल्याचा उल्लेखही होता. म्हणजे सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट. त्यात वासराचा संबंध नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मंचरला पराग मिल्क फूड्सचे 'गो' चीज तयार होते, त्याच्याही पाकिटावर हा हिरवा ठिपका असतो. मग खाखरा खाल्ला. चविष्ट होता, हे मान्य केले पाहिजे. खाखऱ्याचा कोरडा कुरकुरीतपणा आणि चीजचा खारट स्निग्धपणा एकमेकांना छान सांभाळून घेतात.

अकरा वर्षांची नात दोन दिवस राहायला मुलुंडला येणार होती. दुपारी आम्ही बोरिवलीहून लोकलने अंधेरीला उतरलो. अंधेरी म्हटले की गेल्या दिवाळीनंतरचा प्रसंग आठवतो. एका उपाहारगृहात आम्ही 'जैन पास्ता' मागवला होता. कांदा-लसूण नव्हते, पण वर पांढरट कीस भुरभुरलेला होता. नातीचे दोन घास झाल्यावर मला शंका आली, म्हणून पाकीट पाहायला मागितले. इटलीहून आलेले पार्मिजानो रेज्जानो आणि त्यावर तपकिरी त्रिकोण! व्यवस्थापक नम्रपणे म्हणाले, "पण साहेब, यात कांदा-लसूण अजिबात नाही." त्यांनी फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या लेखी जैन म्हणजे कांदा-लसूण वर्ज्य, एवढेच. मुलीने दुसऱ्या दिवशी एकासणे केले, आणि नात बरेच दिवस विचारत राहिली, "आजोबा, माझी चूक होती का?"

म्हणून या खेपेस तिला घेऊन मुद्दाम एका मोठ्या दुकानात शिरलो आणि शीतकपाटासमोर उभे राहून दोघांनी पाकिटे वाचली. पार्मिजानो रेज्जानो या नावाला युरोपात कायद्याचे संरक्षण आहे. दूध, मीठ आणि वासराचे रेनेट एवढ्यावरच ते करावे लागते आणि किमान बारा महिने मुरवावे लागते. तेव्हा ते नाव वाचले की पुढे वाचायचे कारण उरत नाही. नुसते 'पार्मेझान' लिहिलेले भारतीय चीज मात्र सूक्ष्मजीवांच्या रेनेटचे असू शकते. तिथे ठिपका पाहावा. निळ्या शिरांचे चीज पाहून नात म्हणाली, "हे तर बुरसलंय!" खरेच, ती बुरशी मुद्दाम वाढवलेली असते. परदेशी लोक ते नाशपाती आणि अक्रोडांबरोबर आवडीने खातात. लोणच्यावर बुरा दिसताच अख्खी बरणी टाकणाऱ्या आपल्या घरांत त्याला हिरवा ठिपकाही प्रवेश मिळवून देणार नाही.

मुंबईच्या मौसम नारंग यांच्या 'इलेफ्थेरिया'च्या ब्रूनोस्टविषयी मी वाचले होते. मूळ नॉर्वेचा हा प्रकार. चीज केल्यावर उरणारे पाणी तासन्‌तास आटवून ते तपकिरी होईपर्यंत घट्ट करायचे. आपल्याकडे खवा आटवतात त्याचाच हा भाऊ. २०२१ साली स्पेनमधल्या ओव्हिएडो येथील जागतिक चीज स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले. ब्रूनोस्ट आटवताना रेनेट लागत नाही, पण ते पाणी मुळात रेनेटने फाटलेल्या दुधाचे असते. म्हणून प्रश्न एक पायरी मागे जातो एवढेच.

अंधेरीहून घाटकोपरला मेट्रो. जून २०१४ मध्ये हा मार्ग सुरू झाला आणि पश्चिम उपनगरातली बहीण पूर्व उपनगरातल्या भावाला जवळची झाली. घाटकोपर पूर्वेच्या वल्लभबाग लेनमधली खाऊगल्ली पाच वाजता नुकती जागी होत होती. तव्यावर डोसा पसरला, की चीजचा अख्खा ठोकळा किसणीवर उभा! सँडविचवाल्याला 'जैन' म्हटले की बटाट्याऐवजी कच्चे केळे येते. मी चीजचे नाव विचारताच त्याने हसत पाकीटच उचलून दाखवले. "काका, रोज दहा जण विचारतात." ऐकून बरे वाटले.

डोशापाशी मात्र मी थांबलो. उडीदडाळ आणि कच्चे गोरस एकत्र आले की द्विदलाचा दोष. म्हणून आई कढीसाठी ताक आधी उकळून मगच त्यात बेसन घाली. डब्यातले प्रक्रिया केलेले चीज कारखान्यात वितळेपर्यंत तापवलेले असते, साधे चीज तसे असतेच असे नाही. मग डोशावरचे चीज चालेल का? हा निर्णय माझा नव्हे, गुरुमहाराजांना विचारण्याचा आहे. नातीला सँडविच घेऊन दिले. हिरवी चटणी, काकडी, टोमॅटो आणि वितळलेले चीज. तिखटाची धार चीजने बरोबर बोथट केली होती.

घाटकोपरहून लोकल वेळेवर मिळाली आणि चौविहाराला अवकाश ठेवून मुलुंडला उतरलो. घराजवळच्या वाण्याकडे नातीच्या हट्टाखातर चीजचा एक डबा घेतला. आमच्या घरात चाळीस वर्षांनी. सौ.ने तो हातात घेतला, काही न बोलता चष्मा लावला आणि डबा उलटा करून वाचायला सुरुवात केली.