दगड, पाणी, अर्ज

‘जिऑलॉजी घेतलं’ म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न, ‘मग पुढे काय?’ आणि दुसरा, ‘सरकारीत लागेल का?’ दोन्ही रास्त. पण या विषयाचे दरवाजे नेमके कुठे आहेत, हे पोरांना टी.वाय. संपेपर्यंत कुणी सांगत नाही. म्हणून ही टिपणे, सुचतील तशी.

*

सरकारी भाग आधी उरकतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, हे 1851 पासूनचं खातं. तिथले भूवैज्ञानिक, भूभौतिकतज्ज्ञ आणि रसायनतज्ज्ञ यूपीएससीच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून निवडले जातात. केंद्रीय भूजल मंडळाचे जलभूवैज्ञानिकही त्याच परीक्षेतून. एम.एस्सी. हवीच. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचा पेपर 100 गुणांचा आणि विषयाचा 300 गुणांचा. यूपीएससी म्हणजे चालू घडामोडी अशा समजुतीने वर्तमानपत्रांची कात्रणं जमवत बसलेली मुलं इथे हमखास मागे पडतात. स्फटिकशास्त्र आणि संरचनात्मक भूशास्त्र ज्यांचं पक्कं, त्यांची ही परीक्षा.

आयआयटीत एम.एस्सी. करायची तर ‘जॅम’. पुढे ‘गेट’. पीएच.डी.साठी ‘नेट’, त्यात पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्र पेपर असतो. कनिष्ठ संशोधकाला 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. रक्कम वाईट नाही, पण ती दर पहिल्या तारखेला हातात पडेल असं धरून कुणी खोली भाड्याने घेऊ नये.

*

गोवा आपल्याकडच्या मुलांना सुट्टीसाठी माहीत. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून तिचा जन्म झाला, साल 1966. वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, तिथे पृथ्वी, सागर आणि वातावरण या विज्ञानांची मिळून एक शाखा. बसने फिरलं तरी एका दिवसात तिन्ही पाहून होतात. कॉलेजची सहल मात्र बीचवरच जाते.

*

जहाजावरचं काम कसं असतं ते एका बाटलीवरून सांगतो. गोल चौकटीवर बसवलेल्या लांबट नळकांड्या केबलने खोल सोडतात आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बंद करतात. चौकट डेकवर आली की त्यांतून पाणी काढायचा क्रम ठरलेला असतो. पहिला मान विरघळलेल्या प्राणवायूचा, कारण हवा लागली की आकडा बिघडला. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची, एकही बुडबुडा येऊ द्यायचा नाही, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं. मग मँगनीजचं द्रावण, मग क्षारयुक्त आयोडाइड, की लगेच बूच. प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. त्या थराच्या ऐन मध्यातल्या पाण्याचा साका पांढराफटकच राहतो. पुस्तकात चार ओळींत आटोपलेला प्राणवायूचा किमान थर इथे बाटलीत धरून बघता येतो.

हे सगळं रात्री दोन वाजताही करायचं असतं आणि बोट लागलेली असतानाही. पहिल्या सफरीत बहुतेकांना लागतेच. समुद्राचं प्रेम वगैरे गोष्टी तिसऱ्या दिवसानंतर बोलाव्यात.

*

सगळ्यांना जहाज मिळत नाही आणि त्याची गरजही नसते. समुद्रतळाच्या गाळाच्या एका चकतीतून शंखांसारखे सूक्ष्म फोरामिनिफेरा ओल्या बारीक ब्रशने वेचायचे, प्रत्येक नमुन्यातून तीनशेच्या आसपास. मान मोडते, डोळे शिणतात. जुन्या मान्सूनचा इतिहास अशाच वेचणीतून लिहिला गेलाय. ज्याला गहू निवडायचा कंटाळा येतो त्याने दुसरा विषय बघावा.

*

अदिती पंत. जन्म नागपूरचा, बी.एस्सी. पुणे विद्यापीठाची. तेव्हा ॲलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ हातात पडलं आणि बाईंनी समुद्र धरला. पुढे हवाई, लंडन, मग गोव्यातली तीच समुद्रविज्ञान संस्था. 1983-84 च्या मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या महिला. त्यांचं नाव आपल्या किती कॉलेजांच्या भिंतीवर आहे?

जमिनीखालच्या खाणीत तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर बाईला जायची मुभा मिळायला मात्र 2019 उजाडलं.

*

‘मत्स्य 6000’ या पाणबुडीची चित्रं सगळ्यांनी पाहिली. तीन माणसं, टायटॅनियमचा गोल, सहा हजार मीटर. ते काम चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं, आणि ते चालतं बॅटरीवाले, ध्वनिलहरीवाले, वेल्डिंगची परीक्षा करणारे अशा माणसांवर. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्था आहे, 1962 पासून. तिथे फिजिक्स आणि गणिताची मुलं लागतात. पायथन येत असेल तर आणखी बरं. दगड न ओळखताही या घरात शिरता येतं.

*

खासगीत काय? बोगदे, धरणं, मेट्रो. जमिनीतून काढलेला खडकाचा कोअर लाकडी पेटीत ओळीने मांडतात आणि 10 सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज करतात. दीड मीटरच्या खोदाईत ती 1.2 मीटर भरली तर खडकाचा दर्जा 80 टक्के. ड्रिलच्या धक्क्याने झालेला ताजा तुकडा मोडलेला धरायचा नाही. हे ओळखणं डोळ्यांचं काम, आणि पगार त्या डोळ्यांचा. उन्हात उभं राहायची तयारी हवी. ठेकेदार ‘साहेब, 80 च लिहा ना’ म्हणाला तर ‘नाही’ म्हणायचीही.

*

माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यात गरजेचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम भूजलाचं. राज्याचा चार-पंचमांश भाग बसाल्टवर आहे. त्यात पाणी सापडतं ते झिजलेल्या थरात, भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत. शेजारच्या विहिरीला पाणी आणि आपली कोरडी, याचं कारण तिथेच. गावोगाव अजून तळहातावर नारळ आडवा धरून फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावतात आणि बोअर कोरडी गेली की नशिबाला बोल लावतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, पुण्यातली ‘ॲक्वाडॅम’सारखी संस्था आहे. तालुक्याच्या गावी स्वतःचं सल्ल्याचं काम सुरू करणारे जाणते तरुण मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शहरातल्या नोकरीच्या रांगेत उभं राहण्याआधी याचा हिशेब करून बघावा.

*

इंटर्नशिपच्या ई-मेलबद्दल. ‘आदरणीय सर/मॅडम, मला आपल्या नामांकित संस्थेत संशोधनाची तीव्र इच्छा आहे’ हे वाक्य चाळीस जणांना एकाच वेळी पाठवलेलं असतं आणि ते वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. त्यांचा एक शोधनिबंध वाचा. त्यातली एक आकृती समजली नाही, तर ती कोणती ते लिहा. स्वतःला काय येतं ते दोन ओळींत सांगा: खडकाचा पातळ काप बघता येतो, क्यूजीआयएस येतं, पोहता येतं. गुणपत्रिका जोडा. पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, रोज नको.

*

महाराष्ट्रातल्या मुलाने बसाल्टखेरीज दुसरा खडक जागेवर पाहिलेला नसतो, हे मुलाखतीत उघडं पडतं. प्रवेश घेताना इमारत बघू नका; फील्डवर्क कुठे नेतात ते विचारा. राजस्थान, हिमालय, निदान सिंधुदुर्गातले जुने खडक तरी.

*

देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर विद्यावेतन. पृथ्वीविज्ञान त्यात आहे. शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, ते एका रात्रीत मिळत नाही. अर्जाची मुदत दिवाळीच्या आसपास असते. तेव्हा एप्रिलमध्ये धावाधाव करू नका. गणपती विसर्जन झालं की तयारीला लागा.