मागच्याला ब्रेक नसतो

टँडेम, म्हणजे दोघांनी चालवायची सायकल, म्हटलं की लोकांना फिल्मी गाणी आठवतात. माझ्या टँडेमवर मागे बसतो माझा मित्र. त्याला अजिबात दिसत नाही. दर रविवारी सकाळी पाषाणच्या बाजूला आम्ही तीसेक किलोमीटर मारतो. रोमान्स शून्य, आरडाओरडा भरपूर :)

पुढचा तो कॅप्टन. मागचा तो स्टोकर, म्हणजे मूळ अर्थाने बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा! आमच्या सायकलवर स्टिअरिंग, ब्रेक, गिअर सगळं पुढे. मागचं हँडल नुसतं धरायला. दोघांची पॅडल्स एका चेनने जोडलेली, एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. म्हणून निघताना कॅप्टनने दोन्ही पाय जमिनीवर फाकवून, ब्रेक दाबून उभं राहायचं आणि मागच्याने बसायचं. त्याने न सांगता पॅडल फिरवलं, तर ते थेट पुढच्याच्या नडगीवर. पहिला महिना माझ्या नडग्या निळ्या होत्या.

मग फिजिक्स. आम्ही दोघं मिळून १४५ किलो, सायकल वीसेक किलो. म्हणजे तेवढ्याच वेगाला एकट्याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा, आणि ती जिरवायला चाकं दोनच. लांब उतारावर रिम-ब्रेक सतत दाबून धरले, तर रिम तापून टायर फुटू शकतो. म्हणून घाटात डिस्क किंवा जादाचा ड्रम-ब्रेक हवा, आणि वेग आधीपासूनच कमी. शिवाय लांबी इतकी, की वळताना मागचं चाक आतून जातं. मी चुकवलेला खड्डा त्याला बसतोच. दिसत असतं तर सीटवरून जरा उचलला गेला असता. ते सांगायचं काम माझं.

मागच्या पावसाळ्यात एका रिक्षाने समोर अचानक यू-टर्न घेतला. ‘थांब’ हा शब्द पुरा व्हायच्या आत आम्ही रस्त्यावर. मला नुसतं खरचटलं, त्याचं कोपर फुटलं. पडायच्या आधी मला अर्धा सेकंद मिळाला होता, हात आपोआप पुढे आला. त्याला तोही मिळाला नाही.

टाके घालून परत येताना मी म्हटलं, बंद करूया का हे? तर म्हणतो, “पडण्याचं काही नाही रे. तू गप्प झालास की पोटात गोळा येतो.”

तेव्हापासून शब्द ठरलेत: खड्डा, ब्रेकर, डावं, उजवं, सोड, मार, थांबतोय. आणि रस्ता रिकामा असला तरी दर मिनिटाला काहीतरी बोलायचं. अगदी “चहाची टपरी बंद आहे” सुद्धा चालतं.

असो. कुणाला पुढे बसायची हौस असेल तर आधी रिकाम्या मैदानात, मागे डोळस माणूस घेऊन, महिनाभर सराव करा. हेल्मेट दोघांनाही. आणि स्वभाव बडबडा असेल तर उत्तम.